गुपगुपे मामांच्या शेवटाबाबत

ती. अक्का यांस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे लिहिण्यापुरते. डावा गुडघा आठ अंगांत धरू नये.) तुमचा रक्तदाब, कानातले यंत्र आणि समोरच्या बाईंशी धरलेला अबोला, तिन्ही ठीक चालले असतील अशी आशा आहे. गेल्या वेळी निघताना तुम्ही म्हणालात, "तोंडाने नाही तर नाही, निदान हाताने तरी बोला." म्हणून लिहायला बसलो. मोठी पत्रे लिहायची मला सवय नाही. नोकरीत लिफ्टचा तपासणी अहवाल एका पानाचा असे, आणि त्यातलेही अर्धे पान छापील.

माझे बरे चालले आहे. ही जाऊन आता आठ महिने झाले. घर झाडलेले असते, दूध उतू जात नाही. (दोनदा गेले. पण ते सुरुवातीला.)

गेल्या महिन्यात हिने ग्रंथालयातून आणलेली पुस्तके परत करायला गेलो. तिथल्या बाई हिला चांगल्या ओळखत. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि एक नवी विनोदी कादंबरी हातात ठेवली. म्हणाल्या, "काका, ही न्याच. लोक वाचता वाचता उतरायचा स्टॉप विसरतात." मी एकोणीस पाने वाचली आणि एकही स्टॉप विसरलो नाही. विसाव्या पानावर गुपगुपे मामा आले.

अक्का, तुम्हाला हे मामा माहीत असतील की नाही, ठाऊक नाही, म्हणून सांगतो. आमच्या पुढच्या खोलीत हिने सव्वीस वर्षे बालवर्ग चालवला. नवे मूल आले की ते आईच्या पदराला धरून भोकाड पसरी, आणि ही त्याला मांडीवर घेऊन स्वतः रचलेले गुपगुपे मामांचे गाणे म्हणत असे. त्याच वेळी मी कामावर निघायला दारात बसून बुटांचे बंद बांधत असे. दोन बुटांत चार ओळी होत. मग मी दार ओढून घेई. त्यामुळे मला चारच ओळी येतात. (बिनबंदांचे बूट असते तर तेवढ्याही आल्या नसत्या.) त्या अशा:

गुपगुपे मामा, डोक्यावर बादली,
छत्रीच्या मुठीला मिशी बांधली.
दुपारी उठून चंद्राला न्हाणती,
चाळणी भरून विहीर आणती.

यापुढे गाणे बरेच होते, कारण जिन्यातून उतरताना हिचा आवाज येत राही. शब्द मात्र कळत नसत. हिने ते कधी लिहून ठेवले नाही. हजेरीच्या वह्या, रंगांच्या पेट्या, कपाटाच्या दाराची आतली बाजू, सगळे पाहून झाले. एका वहीत मागच्या पानावर "मामा" असे लिहिलेले सापडले, तेव्हा मी खाली बसलोच. पण ते माझ्या मामांच्या मुलाच्या लग्नाला काय द्यायचे याबद्दल होते.

आणि तेच मामा आता छापील पुस्तकात, बादली आणि मिशीसकट! कादंबरीतले मामा एका हॉटेलात मॅनेजर आहेत, सलग चाळीस पाने बोलतात, आणि शेवटी छत्री धरून खिडकीतून उडून जातात ते जातात. परत येत नाहीत. ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या की सर्वांत जास्त हसू तिथेच येते. मला आले नाही.

मी प्रकाशकांना पत्र लिहिले. मला एकच पद्धत येते, त्या पद्धतीने लिहिले. दोष क्रमांक एक: मामा बोलतात. मूळ मामा बोलत नाहीत. दोष क्रमांक दोन: मामा सकाळी सातला उठतात. मूळ मामा दुपारी उठतात; चंद्राला न्हाऊ घालण्याची वेळ बदलण्याचा अधिकार कोणी दिला? दोष क्रमांक तीन: मामा शेवटी घरी परत येत नाहीत. यास आधार काय? तरी दोष दूर होईपर्यंत मामांचा वापर थांबवावा.

आठवड्यात उत्तर आले. प्रकाशकांनी लिहिले होते, "साहेब, आमच्या कचेरीत सगळे पोट धरधरून हसले. आमच्यासाठी आणखी लिहाल का?" यावर मी काय समजायचे? मी बूट घातले आणि गेलो.

प्रकाशकांची कचेरी एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट जाळीच्या दाराची, आणि जिना तिच्याभोवती फिरत वर जाणारा. सवयीने मी भिंतीवरचा दाखला वाचला. मुदत संपून दोन वर्षे झाली होती. मी जिना धरला. तेवढ्यात कागदांचा गठ्ठा छातीशी धरलेले एक स्थूल गृहस्थ घाईने लिफ्टमध्ये शिरू लागले. मी म्हणालो, "मुदत संपली आहे." ते म्हणाले, "माझीही," आणि वर गेले. दुसऱ्या मजल्याच्या वर लिफ्टने एक आचका दिला आणि थांबली.

मी तिथवर पोचलो तेव्हा गृहस्थ जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते. घामाने निथळत होते. वरून प्रकाशक कठड्यावर ओणवे होऊन ओरडले, "घाबरताय काय? गुपगुपे मामांचे लेखक ना तुम्ही?"

"लेखक आहे म्हणूनच!" गृहस्थ आतून ओरडले. "दोर तुटल्यावर काय होईल ते मला सगळं दिसतंय!"

मामांना खिडकीतून उडवणारे ते हेच, हे मला तेव्हा कळले. माझ्याकडे दोषांची यादी खिशात होती. पण माणूस असा लटकलेला असताना त्याला दोष कसे वाचून दाखवायचे? कारागिराला फोन गेला होता. तो यायला पाऊण तास लागणार होता. मी समोरच्या पायरीवर बसलो आणि सांगितले की एक दोर तुटला तरी आणखी तीन असतात, आणि तेही तुटले तर ब्रेक असतो. त्यांनी विचारले, "आणि ब्रेक तुटला तर?" मी खोटे बोलत नाही, म्हणून गप्प राहिलो. त्यांचा हुंदका ऐकू आला. चांगला चाळिशीतला माणूस. मला समजूत घालता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. ते खाते हिच्याकडे होते. काही सुचेना, तेव्हा मी त्या चार ओळी म्हटल्या. जिन्यात, मोठ्याने.

आणि आतून, नाक ओढत, पुढच्या ओळी आल्या:

जिन्याच्या पायऱ्या खिशात भरती,
वर जायचं तर खाली उतरती.
हाक मारली तर "हं" म्हणती,
उरलेलं "हं" डब्यातून नेती.

मी विचारले, "पुढे?"

"पुढे नाही येत. मी इथवर आलो की रडायचा थांबायचो. आणि पोर थांबलं की बाई गाणं सोडून रंग वाटायला घ्यायच्या." मग जाळीला नाक लावून त्यांनी मला नीट पाहिले. "काका, तुम्ही बाईंचे... ती पिवळी बादली डोक्यावर घालून निघायचा तेच ना?"

ती बादली नव्हे, खात्याचे हेल्मेट होते. हे मी त्यांना समजावून सांगू लागलो, आणि अर्ध्या वाक्यात थांबलो. अक्का, सव्वीस वर्षे मी दारात बसून ते गाणे ऐकले. मिशी माझी, डबा माझा, "हं" माझे. सबंध वर्गाला ठाऊक होते. मला जिन्यात बसून कळले.

कारागिराने लेखकांना सोडवले आणि त्यांनी माझे हात धरले, ते पाच मिनिटे सोडले नाहीत. आता असे ठरले आहे की नव्या आवृत्तीत पहिल्या पानावर हिच्या नावाने अख्खे गाणे छापायचे, आणि गाण्यात मामांचे शेवटी जे होते तेच कादंबरीतही करायचे. मी संमतीपत्रावर सही केलेली नाही. शेवट कळल्याशिवाय करणार नाही. पुस्तक पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला छपाईला जाते. शेवट नाहीच मिळाला, तर गाणे गळणार आणि मामा आहेत तसे उडून जाणार.

मी स्वतः दोन ओळी करून पाहिल्या: "मामा सायंकाळी सहाला परतले, हातपाय धुऊन खुर्चीत बसले." लेखकांनी वाचल्या आणि मान हलवली. "काका, यात अर्थ निघतोय." मी चार दिवस खपून अर्थ काढून टाकायचा प्रयत्न केला, पण काढला की ओळच उरत नाही. ही हे रोज, कडेवर मूल घेऊन, एकीकडे दूध तापवत करत असे. हे अवघड काम आहे हे मी तिला एकदाही म्हणालो नाही.

असो. पत्राला विशेष कारण नाही, खुशाली कळावी एवढाच हेतू. भावजींना नमस्कार. यंत्राच्या बॅटऱ्या वेळेवर बदलाव्यात.

आपला,
धाकटीचे यजमान

ता. क. तुमची बारकी एक वर्ष हिच्या वर्गात होती. ती कधीच रडली नाही, असे तुम्ही नेहमी सांगता, आणि आता ती मोठी सर्जन आहे, तिच्या हाताखाली माणसे चळाचळा कापतात, हेही खरे. पण त्या वर्षी मी कोपऱ्यावरच्या थांब्यावर उभा असे, तिथपर्यंत तिचा आवाज येई. हिच्या सव्वीस वर्षांत एवढा वेळ कोणी रडले नाही. म्हणजे गाणे शेवटपर्यंत ऐकलेले माणूस जगात एकच असणार. तिला माझे नाव न सांगता, जेवताखाता सहज विचारावे. रडण्याचा उल्लेख टाळावा.

ता. क. २. शब्द इकडचे तिकडे झाले तरी हरकत नाही. मामा घरी येतात का, तेवढे पाहावे.

ता. क. ३. तिला आठवत असेल आणि मामा येत नसतील, तर तिला काही आठवत नाही असे कळवावे. मी पुन्हा विचारणार नाही.