कायोटीसाठी योग्य कॅलिबर आणि हिल्डाची प्रकृती

आदरणीय मेव्हणे नॉर्बर्ट यांस,

वर्लिनचा मनापासून नमस्कार. ('आदरणीय' वाचून चष्मा पुसत बसू नका, बरोबरच वाचलंत. इतकी वर्षं मी तुम्हाला नुसतं 'नॉर्बर्ट' म्हणत आलो, कधीकधी तेवढंही नाही. पण माणूस वयाबरोबर सुधारतो, निदान पत्रात तरी.) आम्ही इकडे ठीक. तुमची बहीण आर्लिस ठीक आहे. तिच्या गुडघ्याचं दुखणं अगदी तुमच्या वळणावर गेलंय, न सांगता येतं आणि आलं की मुक्काम हलवत नाही. तुमची पाठ कशी आहे? मोतीबिंदूचं काय झालं? आणि हो, तुमची गाढवीण हिल्डा कशी आहे? खाणंपिणं नीट आहे ना, खुरं बरी आहेत ना, लाथ पूर्वीसारखीच बसते ना? सहज विचारतोय. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, की या घरात दोनच बिनकामाची जनावरं आहेत आणि त्यातलं एक आत्ता टर्की कापतंय. ते गमतीत होतं. तुम्ही त्यानंतर फोन केला नाहीत, तेही गमतीतच असणार असं मी धरून चाललोय.

तर हकीकत अशी. यंदा आमच्याकडे कोकरं जन्मायला लागली आणि त्याच आठवड्यात कायोटी हजर झाला. कोल्ह्याहून जरा थोराड, लांडग्याहून बराच किरकोळ, आणि अक्कल अशी की आमच्या काउंटीत आजवर निवडून आलेल्या सगळ्यांना वाटून पुन्हा त्याच्यापुरती उरेल. दिवस कलला की ट्रॅक्टरच्या शेडमागे बसून गातो. गाणं संपलं की जेवतो. एक कोकरू गेलं, मग आणखी एक. आर्लिसने प्रत्येक मेंढीला चर्चमधल्या एकेका बाईचं नाव ठेवलंय हे तुम्हाला माहीत आहेच. (त्या बायकांना माहीत नाही. कृपा करून तसंच राहू द्या.) दुसरं कोकरू कुंपणापाशी सापडलं त्या सकाळी ती हातमोजे काढत मला म्हणाली, "वर्लिन, या वयात मी मेलेली कोकरं गोळा करत हिंडणार नाही. आणखी एक गेलं की मेंढ्या लिलावाला, आणि आपण लॉरेनकडे ॲरिझोनाला."

तुम्ही लॉरेनचे सख्खे भाऊ, तेव्हा तिच्याबद्दल मी काही वावगं लिहिणार नाही. पण तिच्या गावात लोक अंगणात हिरवळीऐवजी दगड पसरतात आणि त्यांना पाणी घालावं लागत नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतात. रोज चारला जेवण, पाचला पत्ते, आणि पत्ते वाटताना लॉरेनच्या ऑपरेशनची हकीकत. ज्या माणसाने उभा जन्म वाऱ्यात काढला त्याला तिथे नेऊन बसवणं म्हणजे त्याला जिवंतपणी फ्रीजमागे ठेवून देणं. शिवाय आर्लिस मेंढ्यांशिवाय तिथे काय करील? चर्चमधल्या खऱ्या बायकांशी बोलावं लागेल तिला. म्हणून मी शब्द दिला, की कायोटीचा बंदोबस्त मी करतो.

आता आमच्या घरात माझ्या वडिलांची तीस-शून्य-सहा रायफल आहे, पण ती हरणासाठी. कायोटीवर झाडली तर शेपटी तेवढी उरेल आणि तीही शेजारच्या शेतात सापडेल. तेव्हा त्याच्या मापाची नवी रायफल घ्यावी असं मनात आलं. इथवर सगळं शहाणपणाचं होतं. मग मी सोसायटीच्या दुकानात कॉफीच्या टेबलावर जाऊन विचारलं, की कायोटीसाठी कुठलं कॅलिबर, म्हणजे कुठल्या मापाची गोळी, बरी. नॉर्बर्ट, लोकांनी भर टेबलावर धर्म बदलल्याचं जाहीर केलंय आणि त्यावर एवढं वादळ झालं नाही.

गेलॉर्ड म्हणजे आमच्या उत्तरेच्या बांधाचा शेजारी. त्याचं म्हणणं, बावीस-अडीचशे. गोळी एवढी जलद जाते की कायोटीला मेल्याचं उशिरा कळतं. डेलमर म्हणजे गेलॉर्डच्या बायकोचा भाऊ. (मेव्हण्यांबद्दल इथे जास्त लिहीत नाही.) त्याचं म्हणणं, आमच्याकडच्या वाऱ्यात ती हलकी गोळी पतंगासारखी भरकटते, तेव्हा दोन-त्रेचाळीसच हवी, वजनदार. गेलॉर्ड म्हणाला, दोन-त्रेचाळीसने कातड्याला एवढं भोक पडतं की त्यातून डेलमरचं डोकं जाईल. डेलमर म्हणाला, त्यासाठी आधी गोळी लागायला हवी, आणि गेलॉर्डने शेवटची जी जिवंत वस्तू टिपली ती म्हणजे त्याच्याच पाण्याच्या टाकीवरचं शेवाळ. टाकी अजून गळते. गंमत अशी की दोघांपैकी एकानेही कित्येक वर्षांत कायोटी मारलेला नाही आणि कातडं तर कोणीच विकत नाही. पण त्याची आठवण करून देणं टेबलाच्या रीतीला सोडून झालं असतं.

मी बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण आहे, दाढी राखून आहे आणि सगळं वाचून आहे. त्याने विचारलं, किती लांबून मारणार? मी म्हटलं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. त्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं सर्जनला कोणी विचारावं की हे घरीच करता येईल का. मग त्याने मला कागदावर गोळीच्या वाटेचे चढउतार काढून दाखवले, वाऱ्याचा कोन दाखवला, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचाही हिशेब मांडला. कायोटी त्या चित्रात कुठेच नव्हता. शेवटी मी दोन-तेवीस घेऊन आलो, कारण ती त्याला अजिबात पसंत नव्हती.

ही बातमी माझ्याआधी घरी पोचली. दुपारी गेलॉर्ड आला, रायफल पाहून त्याने टोपी काढली. मयताला आल्यावर काढतात तशी. म्हणाला, "ही ठेव कोनाड्यात, नातीला खेळायला होईल," आणि स्वतःची बावीस-अडीचशे उसनी ठेवून गेला. संध्याकाळी डेलमर आला, बावीस-अडीचशे पाहिली आणि गाडीतून दोन-त्रेचाळीस काढून तिच्या शेजारी उभी केली. वर एक आवाजाचा डबाही दिला. रिमोटचं बटण दाबलं की त्यातून जखमी सशाचं किंचाळणं निघतं आणि कायोटी आयताच चालत येतो, असं त्याचं म्हणणं. अशा रीतीने आमच्या फ्रीजशेजारी वडिलांची धरून चार रायफली उभ्या राहिल्या. आर्लिसने त्यांच्यावर भांडी पुसायचे पंचे वाळत घातले. पुढचे कितीतरी दिवस गेलॉर्ड आणि डेलमर रोज नेम जुळवायला यायचे. पण आधी कोणाच्या रायफलीचा जुळवायचा यावरच अडायचं, मग आर्लिसची कॉफी आणि ॲपल-पाय संपवून दोघं वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायचे. आमच्या घराला मागचं दार आहे ते मला यंदा उपयोगी वाटलं.

आता ईस्टरची गोष्ट. लॉरेनने तुम्हाला फोनवर जे सांगितलं असेल ते खोटं आहे. खरं याहून वाईट आहे.

त्या सकाळी चर्चला निघण्याआधी मी जरा वेळ चर्चच्याच कोटात कुरणाच्या कडेला बसून आलो होतो. डबा पिकअपच्या मागे राहिला आणि रिमोट कोटाच्या खिशात. आमच्या पास्टरबाई नव्या आहेत, शहरातून आल्यात, त्यांचा इथला हा पहिलाच ईस्टर. पुनरुत्थानावर छान बोलत होत्या. प्रार्थना झाली, सगळे बसलो, मी जरा जोरात बसलो. बाहेर आवारात ससा मरायला लागला.

पास्टरबाई थांबल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला, कारण शहरातल्या माणसाला तो आवाज लहान मुलाचा वाटतो. आमच्या लोकांना मात्र तो नेमका कशाचा आहे ते कळलं, आणि देवाशपथ सांगतो, चर्चमधल्या अर्ध्या पुरुषांनी बसल्या जागी बोट ओलं करून वारा पाहिला. मी खिशात बटण शोधत होतो, तर आवाज वाढवायचं सापडलं. तेवढ्यात खिडकीपाशी बसलेला डेलमर पुटपुटला, "आला."

खरंच आला, नॉर्बर्ट. दफनभूमीच्या बाजूने, भर उजेडात, आपल्या वडिलांच्या नावावरचं आवार असल्यासारखा. सगळे पुरुष खिडक्यांशी जमा झाले. (पास्टरबाईंच्या कारकिर्दीत मंडळी न सांगता उभी राहण्याची ही पहिली वेळ.) बाहेर बहुतेकांच्या पिकअपमध्ये रायफल. कायोटी थेट माझ्या गाडीपाशी, एवढ्या जवळ की दोन-तेवीस काय, गलोलीनेही भागलं असतं. पण त्याच्या मागे चर्चची गॅसची टाकी. गेलॉर्ड कुजबुजला, की बावीस-अडीचशेची गोळी कायोटीच्या अंगातच फुटून राहते, टाकीला धक्का नाही. डेलमर म्हणाला, या टाकीत आहे ते तुझ्या टाकीवरचं शेवाळ नव्हे. गेलॉर्ड म्हणाला, दोन-त्रेचाळीस आरपार जाते हे आज तू देवाच्या घरात कबूल केलंस, सगळे साक्षीदार आहेत. यावर मागच्या बाकांवरूनही मतं आली. बाहेर कायोटीने डबा हुंगला, माझ्या गाडीच्या चाकावर पाय वर केला, आणि सावकाश निघून गेला. जाताना एकदा वळून खिडकीकडे बघितलं. मग पास्टरबाई म्हणाल्या, "आमेन," आणि त्या आवाजात प्रार्थना फारशी नव्हती.

या सगळ्यात एक माणूस जागचं उठलं नाही. आर्लिस. मांडीवर पुस्तक उघडं धरून समोर बघत बसली होती.

घरी आलो तर काळ्या तोंडाचं कोकरू नव्हतं. तेच, जे आईने टाकलं म्हणून आमच्या स्वयंपाकघरात खोक्यात वाढलं, ज्याला आर्लिस बाटलीने पाजायची आणि जे दुधासाठी माझ्याही मागे फिरायचं, हे मी कॉफीच्या टेबलावर कधी सांगितलं नाही. म्हणजे कायोटी चर्चला भुकेने आला नव्हता. जेवून आला होता, म्हणूनच तर एवढा निवांत होता. आर्लिसने बाटली धुतली, पुसली, खिळ्याला उलटी टांगली. मग म्हणाली, "त्या जाऊ देत आता लिलावाला." नॉर्बर्ट, ती 'त्या' म्हणाली. एकीचंही नाव घेतलं नाही.

मी म्हणालो, मला एक संधी दे. ती म्हणाली, "नॉर्बर्टला विचार."

म्हणून विचारतोय. तुमच्याकडेही मेंढ्या आहेत, तुमच्याकडेही कायोटी आहेत, आणि आर्लिसच्या मते तुम्हाला अक्कलही आहे. (मी तिच्याशी वाद घालण्याच्या परिस्थितीत नाही.) तेव्हा तुमचा अनुभव लक्षात घेऊन कृपया कळवावं, की कायोटीसाठी योग्य कॅलिबर कुठलं? दोन-तेवीस, बावीस-अडीचशे की दोन-त्रेचाळीस? लिलाव महिनाअखेरीस आहे, तेव्हा विचार करा पण फार खोल करू नका.

सर्वांना आठवण सांगा. हिल्डालासुद्धा.

आपला नम्र (हो, हेही बरोबरच वाचलंत),
वर्लिन

ता. क. आर्लिसने वरचं सगळं वाचलं. ती म्हणते, कॅलिबर विचार असं मी सांगितलंच नव्हतं. हिल्डा तुमच्या मेंढ्यांत चरायला लागल्यापासून तुमचं एकही कोकरू गेलं नाही, आणि एका कायोटीला तिने कुंपणापलीकडे भिरकावलं, हे म्हणे सगळ्या घराण्याला ठाऊक आहे. फक्त मला नाही, कारण तिचा विषय निघाला की मी हसत असतो. तर, आदरणीय मेव्हणे, हिल्डा एवढा मोसम आमच्याकडे पाठवता का? टर्कीच्या वाक्यातलं एक जनावर मी या पत्राने मागे घेतो. दुसऱ्याबद्दल समक्ष बोलू.

ता. क. २. तिला आणताना सोसायटीच्या दुकानावरून आणू नका, मागच्या खडीच्या रस्त्याने या. वर ताडपत्री टाका. कान दिसले आणि कोणी विचारलंच, तर हवापालटासाठी आणलीय म्हणावं. तुम्हीही चार दिवस राहायला या. आर्लिसने हिल्डासाठी कोपरा आत्ताच झाडून ठेवला. झाडताना मेंढ्यांना तिची ओळख करून देत होती, एकेकीला नावाने हाक मारून. मी दाराआड उभा होतो. मला डोळ्यात गवताचा कचरा गेल्यासारखं झालं.

ता. क. ३. एक राहिलंच. हिल्डा बंदुकीच्या आवाजाला बुजते का? बुजत असली तरी काळजी नको. चार रायफली घरात आहेत, पण आमच्याकडे अजून एकही बार उडालेला नाही.