हसून दिलेला होकार

जाकार्ता

आईस, तुझ्या गुडघ्यांवर डोकं टेकवून,

मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. फक्त आमच्या भाषांतर कंपनीच्या हर्तोनोसाहेबांची अक्कल रोज सहन करावी लागते.

मागे आम्ही सिमेंटवाल्यांबरोबर वोनोगिरीजवळच्या एका खेड्यात गेलो होतो. त्यांना टेकडी फोडायला गावाची संमती हवी होती. म्हातारी मंडळी हसून "हो, हो" म्हणत राहिली, वर चहाही पाजला. मी साहेबांना सांगितलं, "हा नकार आहे. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत आपल्याकडे."

"हो म्हणजे हो! पगार भाषांतराचा घेतेस, मनं ओळखायचा नाही," म्हणाले, आणि सिमेंटवाल्यांना 'गाव राजी' असं ठोकून दिलं.

हा माणूस आपल्या जावातल्याच सोलोचा गं! दारावर 'अस्सल जावानीज' अशी पाटी लावतो आणि एका आजोबांचा नकार कळत नाही.

काल यंत्रं पोचली, तर अख्खं गाव रस्त्यात बसलेलं. "फसवलं लेकाच्यांनी!" साहेब किंचाळले. फसवलं म्हणे. ठोंब्या कुठला!

परवा फोनवर मी विचारलं, "छातीत दुखायचं थांबलं ना?" तूही हसून "हो, हो" म्हणालीस.

आई, मी तुझी लेक आहे, हर्तोनो नव्हे. शनिवारी येते.

तुझी,
सुलास्त्री