बाबांना पुन्हा चालवताना

३ जून
आणलं घरी बाबांना. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी खुर्चीत बसवून जिना चढवला, आणि हे वर येईपर्यंत डोळे घट्ट मिटून! शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या, म्हणून असणार. उजवा हात-पाय लुळा. बोलणं जड, पण कळतं.

जन्मभर दुसऱ्यांना पळवत आलेला माणूस. ग्राउंडवर शिट्टी फुंकली की पोरं थरथरायची. दोन चकरा बघून सांगायचे — हा ठेवा, तो घरी पाठवा. ‘शर्यतीला घोडा लागतो. गाढवाला कितीही खरारा करा!’ दादा घोडा. मला गाढव कधी म्हणाले नाहीत, खोटं का बोला. मला म्हणाले होते, ‘झटतेस खूप. पण अंगात नाही.’ मी सातवीत होते. दुसऱ्या दिवसापासून बूट काढून ठेवले.

६ जून
फिजिओच्या बाई येऊन गेल्या. बाई कसली, माझ्यापेक्षा लहान पोरगी, पण मनगटं लोहारासारखी. जाताना मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, ‘ताई, छान चाललात, मस्त जमलं, असलं काही म्हणायचं नाही. छान होत नाहीये हे त्यांना कळतं. कुठे जोर लावला, काय नवं करून पाहिलं, तेवढंच बोलायचं. पण खरं बोलायचं.’

बाबांचं कौतुक करायचं! मी! सुरुवात कुठून करतात याची?

९ जून
पाय उचललाच नाही. दिवसभर तोंड भिंतीकडे.

१२ जून
आज म्हटलं एकदाचं. ‘टाच टेकवायला जोर लावलात बाबा.’ माझाच आवाज मला परका वाटला.

‘मला शिकवतेस?’

मग — ‘अंगातलं गेलं. गेलेलं असल्या कसरतींनी येत नसतं.’

दातांच्या लॅबमध्ये कामावर लक्ष नव्हतं. मेण जास्त तापलं, कवळीची हिरडी वाकडी बसली, सगळं पुन्हा. तरी मालक आल्या-गेल्याला सांगतात, ‘हिच्या हातात जादू आहे, देवाची देणगी!’ देवाने काय दिलंय? बोटांवरचे चट्टे? पहिल्या वर्षी माझी एक कवळी धड कोणाच्या तोंडात बसली नव्हती. ते त्यांनीच पाहिलंय, आणि तेच विसरलेत.

२१ जून
टाच टेकली! आधी टाच, मग चवडा. बाई ओरडल्याच. बाबा शिव्या देत होते, पायाला, बाईंना, मला. सदरा पिळून काढावा इतका घाम.

मी म्हटलं, ‘केवढा घाम गाळलात बाबा.’ त्यांनी छातीवरून डावा हात फिरवला आणि ओला तळवा बघत राहिले. पळायचे तेव्हा त्यांना घाम येत नसे म्हणे. आजी सगळ्यांना कौतुकाने सांगायची.

२८ जून
सकाळी उठले तर वॉकरचा आवाज. स्वतःच उठून उभे, पलंगाला टेकून. ‘पुन्हा,’ म्हणाले. मला नव्हे. पायाला.

४ जुलै
पलंगापासून खिडकीपर्यंत. मध्ये दोनदा थांबले, पण बसले नाहीत. मी तेच सांगितलं — ‘बसला नाहीत.’ मान डोलावली.

चहा घेताना एकदम विचारलं, ‘तू पहाटे पळायला जायचीस ना? सोडलंस का?’

मला वाटलं थट्टा करतायत. म्हटलं, ‘तुम्हीच म्हणालात ना, अंगात नाही.’

‘मी? कधी?’

खरंच आठवत नव्हतं त्यांना. कप बशीत ठेवताना चहा सांडला. मी पुसून घेतला. एवढी वर्षं ते वाक्य मी उशाशी घेऊन निजले, आणि म्हणणाऱ्याला पत्ता नाही.

१४ जुलै
दादा आला. फळं, नवे बूट, मोठ्याने बोलणं. घर भरून गेलं, खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं.

बाबा पलंगावरून उठले आणि दारापर्यंत गेले. वॉकर घेऊन, पण न थांबता. पहिल्यांदाच! मी काही बोलणार तेवढ्यात दादाने टाळ्या वाजवल्या. ‘बघा! म्हटलं नव्हतं मी? रक्तातच आहे! खेळाडू तो खेळाडूच. दुसरा कोणी असता तर अंथरुणाला खिळला असता.’

बाबांचा चेहरा असा उजळला! जुन्या फोटोंत असतो तसा. जेवताना म्हणाले, ‘डॉक्टरसुद्धा थक्क झाले.’ कुठला डॉक्टर? कधी? माझं नाव निघालं नाही याचं काही नाही. पण रोज वाळत घातलेले ते सदरे — त्यांच्याबद्दलही अवाक्षर नाही.

१६ जुलै
दादा गेला.

१८ जुलै
‘आज नको.’ काल पण नको होतं. बाईंना म्हणाले, ‘येतंय आता आपोआप. ज्याच्यात नसतं त्यानं घासावं.’

बाई हसल्या नाहीत. ‘आपोआप फक्त केस पिकतात, काका.’ बाबांना राग आला. बाई जिन्यात म्हणाल्या, ‘कोणी काही बोललं का त्यांना?’

काय सांगू? माझ्या भावाने कौतुक केलं, असं?

२५ जुलै
पाय पुन्हा फरफटायला लागला. टाच टेकेना. मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं. मी म्हटलं, ‘चार दिवस सुटलंय, पुन्हा धरू.’ चेहऱ्यावर भीती. राग मी खूप पाहिलाय त्यांचा, भीती कधी नाही.

हा चेहरा ओळखीचा आहे. दादाचा. ज्या पोराला तो हसत हरवायचा त्याच पोराने त्याला मोठ्या स्पर्धेत मागे टाकलं, त्या संध्याकाळचा. त्यानंतर दादा पळाला नाही. गुडघा दुखतो म्हणायचा. गुडघ्याला काही झालं नव्हतं. रक्तातच आहे म्हटलं, की हरल्यावर रक्तच आटलं असं वाटत असेल. मग माणूस हलतच नाही. हललं तर कळेल ना, उरलंय की नाही!

२७ जुलै
‘बाईंना सांग, बरं वाटत नाही.’

२ ऑगस्ट
पडले.

ग्राउंडवरचे जुने सहकारी भेटायला आले होते. मी कामावर. काकूंनी सांगितलं — बेल वाजली, आणि बाबांनी वॉकर पलंगामागे सरकवला. त्यांना तो दिसू द्यायचा नव्हता. दार उघडायला तसेच निघाले.

खुब्याचं हाड. उद्या ऑपरेशन.

११ ऑगस्ट
डॉक्टर स्पष्ट बोलले. आता उभं राहणं विसरा. छाती भरलीय, हृदय थकलंय. दादाला फोन केला. ‘असं कसं? ते तर चालत होते!’ हेच तीनदा. मग रडला. मला ओरडायचं होतं त्याच्यावर. ओरडता आलं नाही. त्याला तरी दुसरं काय मिळालं होतं बाबांकडून? जे मिळालं तेच त्याने प्रेमाने परत केलं.

१९ ऑगस्ट
दर थोड्या वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि ओढायचं. हाडांचा सापळा झालाय, तरी जड. बोलत नाहीत. चमचा नेला की ओठ मिटतात. कामावर रजा टाकलीय. मालक म्हणाले, ‘तुझ्यासारखा हात दुसरा नाही, लवकर ये.’

मीही काही बोलत नाही बाबांशी. कशाचं कौतुक करू? श्वास घेताय म्हणून?

२३ ऑगस्ट
बाई येऊन गेल्या. काम नव्हतं त्यांचं, तरी आल्या. पाठीला पावडर लावून दिली, मला चादरीच्या आधाराने वळवायचं कसं ते दाखवलं. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. शिव्या नाहीत, काही नाही.

२६ ऑगस्ट
सकाळी कूस बदलताना चादर हातातून निसटली. मला धाप लागली, पलंगाच्या कडेला टेकले. बाबांनी डोळे उघडले.

‘फार राबतेस ग,’ म्हणाले. स्पष्ट. एक अक्षर जड नाही.

उशी नीट केली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. तोंड धुतलं. परत आले, तर बाबा गेले होते.