गिरकी कुणाची

अजनी, नागपूर
दि. ६ ऑक्टोबर १९७४

सौ. सिंधूताईस,

धाकट्या जयाचा सप्रेम जयभीम. वि. वि. पत्राला उशीर झाला, कारण माझे पाय दुखत होते. आता म्हणशील, पत्र का पायाने लिहितात? तर ऐक. तुझी बहीण, प्राथमिक शाळेची हेडबाई, चाळिशी ओलांडलेली, सध्या इंग्रजी नाच शिकते आहे. हसून झालं की पुढे वाच.

डोळ्यांच्या तपासणीत नापास झाल्यावर यांना रेल्वेगार्डाच्या कामावरून काढून पार्सल ऑफिसात बसवलं, ते कळवलंच होतं. आता डॉक्टर म्हणतात, समोरचं अजून दिसेल, पण कडेचं हळूहळू जात राहील. मागच्या महिन्यात सीताबर्डीत बाजूने आलेली सायकल यांना दिसली नाही, आपटले. मी हात धरला तर झिडकारला. ‘मी का आंधळा झालो का वं?’ एवढंच बोलले, आणि तेव्हापासून ऑफिस नि घर. बाजार बंद, कुणाकडे जाणं-येणं बंद. ताई, मला फार भीती वाटते. हा माणूस असाच घरात कोंडून घेऊन खचेल.

त्यात यांनी एकच गोष्ट मागितली. लग्नाआधी इथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये अँग्लो-इंडियन दोस्तांबरोबर हे नाच शिकले होते. दिसतं आहे तोवर एकदा नाताळच्या नाचाला मला घेऊन नाचायचं म्हणतात. नाही कसं म्हणू?

शिकवायला मिसेस हॅरिसन आहेत, एका ड्रायव्हरसाहेबांच्या विधवा. नियम असा की पुरुषाने न्यायचं आणि बाईने जायचं, तेही उलट्या पावलांनी. जिने जन्मभर शिट्टी फुंकून पोरं चालवली तिला हे कसं पचावं? पहिल्या दिवशी मिसेस हॅरिसननी स्वतः पुरुषाची जागा घेतली आणि माझे दोन्ही हात धरले. दोन्ही हात धरले की आपल्याला काय येतं ते तुला ठाऊक आहे. मी पाय जुळवले, मागे रेलले आणि घेतली गिरकी. बाई थेट कॅरमच्या टेबलावर. उठून केस नीट केले आणि हिंदीत विचारलं, हा कोणता नाच. मी म्हटलं, फुगडी. हे कोपऱ्यात तोंडावर रुमाल धरून बसले होते. कितीतरी दिवसांनी हसले.

भाऊजींना जयभीम. हे पत्र त्यांना दाखवू नकोस, आणि माझ्यावरची माया आहे तितकी ठेव.

तुझी,
जया


खापा
दि. १५ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. जयास,

ताईचा जयभीम आणि आशीर्वाद. पत्र तुझ्या भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवलं. हसता हसता त्यांच्या तोंडातला विडा धोतरावर पडला. डाग निघाला नाही, तो तुझ्या खाती.

कन्हानच्या वाळूत तू मला कितीदा पाडलंस ते आठव. फुगडी दोघींची, पण वळायचं तुझ्याच मनाने. मग मी एक युक्ती काढली. डोळे मिटायची. तू कुठे वळणार ते तुझ्या मनगटात आधी कळायचं. मग नाही पडले कधी. तेव्हा तूही डोळे मीट आणि हातात कळेपर्यंत थांब. थांबणं तुला जन्मात जमलं नाही, पण वसंतरावांसाठी बघ जमतं का.

संत्री पाठवते आहे. त्यांना सोलून भरवू नकोस, त्यांची त्यांना सोलू दे. पायाला एरंडेल चोळ, आणि नाच सोडलास तर मला तोंड दाखवू नकोस.

तुझी,
ताई


अजनी, नागपूर
दि. ३० डिसेंबर १९७४

सौ. ताईस,

कॅरमवालीचा सप्रेम जयभीम. वि. वि. नाताळचा नाच पार पडला. कुणी आपटलं नाही.

दोन महिने मी प्रश्न ऐकण्याआधी उत्तर लिहिणाऱ्या पोरासारखी नाचले. हे निघायच्या आत माझं पाऊल पडलेलं. मिसेस हॅरिसनचं एकच पालुपद, ठहरो. हात सैल सोडले की म्हणणार कणीक झाली, ताठ केले की म्हणणार लाकूड झालं. शेवटी तुझी युक्ती केली. डोळे मिटले, आणि खरंच, यांच्या तळहाताचा दाब आधी आला नि पाऊल मागून. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस वळण्याआधी किंचित थांबतो हे मला कधी कळलंच नव्हतं.

नाचाच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. मधेच मी डोळे उघडले, तर यांच्या उजव्या बाजूने एक जाडजूड जोडपं चाल करून आलेलं. यांना पत्ता नाही. तिथे ओढलं असतं तर चारचौघांत पुन्हा सीताबर्डीसारखंच झालं असतं, आणि हे परत कधी बाहेर पडले नसते. माझा हात यांच्या खांद्यावर होता. दोन बोटं नुसती दाबली. हे अलगद वळले, जणू वळायचंच होतं. पुढे एकदा डावीकडे खुर्ची आली, तेव्हा धरलेला हात दाबला. हे नाचत राहिले.

नंतर मिसेस हॅरिसन म्हणाल्या की अशी खूण देणं हेही जाणारीचंच काम, पुरुषाच्या पाठीमागचं बाईलाच दिसतं. हे आधी का नाही सांगितलं, असं विचारलं, तर म्हणतात, तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही दुसरं काही केलंच नसतं. मला इतकं ओळखणारी तुझ्यानंतर हीच.

आणि काल, ताई, हे आपणहून सीताबर्डीला निघाले. व्हरायटी चौकात हीऽ गर्दी. मी मुकाट बाजूला उभी. यांनी नाचाला बोलावतात तसा हात पुढे केला आणि म्हणाले, ‘चाल वं, मी नेतो. तू सांगत राह्य.’ मी दंडावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले, आणि दोघांत धड दिसत होतं ते एकट्या मला, तीही मी बिनकामाची झाले. तरी पोचलो. स्वेटर घेतला. येताना मी एकदाही पुढे झाले नाही, हे शाळेत कुणाला सांगू नकोस.

तुझ्या मायेवर चालणारी,
जया

ता. क. ताई, हे दोन शब्द माझे, वसंताचे. ही म्हणते ते खरं नाही. ही अजूनही मधूनमधून स्वतःच वळते आणि मीच वळलो असं मला दाखवते. मला कळतं. मी काही बोलत नाही, कारण जिथे खड्डा असतो तिथेच वळते.