धुतलेलं घर

दादा,

विमा कंपनीने भरपाई नाकारली म्हणून काल फोनवर तू माझ्यावर भरपूर तोंडसुख घेतलंस. मी ऐकून घेतलं. आता तू ऐक.

पूर ओसरल्यावर तू बजावलं होतंस, कंपनीचा माणूस बघून जाईपर्यंत चिखलाला हात लावायचा नाही. नाही लावला. त्याचं आपलं आज येतो, उद्या येतो. बाबा माळ्यावर पडून रोज विचारायचे, "मला खाली कधी नेणार?" शेवटी पदर खोचला आणि भिंतींसकट सगळं घर धुऊन काढलं.

मग तो उगवला. म्हणाला, "इथे पाणी शिरल्यासारखं वाटत नाही." बाबा खाटेवरून म्हणाले, "आमच्या पोरीचा हात फिरलाय." त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. महिन्याभरात ते त्याच खाटेवर गेले. त्यांच्या उशाशी चिखलाचा वास नव्हता. भरपाई म्हणतोस ना, ती मला मिळाली.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, कारण यातलं सगळं मला तुझ्या तोंडावर बोलायचंय. आणि पुढच्या पुरात चिखल राखायचा असेल, तर स्वतः येऊन राख. मी घर धुणारच.

तुझी धाकटी बहीण