सासूबाईंचा डबा आणि पिशवीभर बदाम

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बदामांची पिशवी पोचली. लग्नाची भेट म्हणून लोक पेले देतात, चादरी देतात. तू दहा किलो बदाम दिलेस, यावरून तुझं आयुष्य वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात गेलं हे तुझ्या गावाहून पिशवी आणणाऱ्या दूधगाडीच्या ड्रायव्हरलाही कळलं. बिचारा तीन जिने चढून आला आणि दारातच बसला.

आता मुद्द्याचं. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलं होतंस की बदाम रात्री भिजत घाल आणि सकाळी साल काढ. मी पडले टायपिस्ट. कागदावर असेल ते करायचं, स्वल्पविरामही इकडचा तिकडे करायचा नाही, याच गुणावर माझी नोकरी टिकून आहे. किती भिजत घालायचे ते कागदावर नव्हतं, म्हणून सगळे घातले. बादली भरली, कुकर भरला, शेवटी कपडे धुवायचा टबही भरला. सकाळी बघते तर बदाम टम्म फुगून काठापर्यंत आलेले. शेजारच्या बाईंनी विचारलं की एवढं काय धुवायला काढलंय, तर मी काहीतरी पुटपुटून दार लावून घेतलं.

हसून झालं असेल तर पुढे वाच. होणाऱ्या सासूबाईंचं तुला माहीत आहे. गव्हाचा कण पोटात गेला तरी त्या आठवडाभर आजारी पडतात. म्हणून कुठल्याही समारंभाला त्या आपला पत्र्याचा डबा काखेत मारून जातात आणि सगळे केकवर ताव मारत असताना कोपऱ्यातल्या खुर्चीवर तांदळाच्या कोरड्या चकत्या चावत बसतात. आमचं लग्न ठरलं त्या दिवशीही तशाच बसल्या होत्या, आणि वर हसत होत्या. मला त्या हसण्याचंच फार वाईट वाटलं. त्याच भरात मी तुझ्या होणाऱ्या जावयाला, म्हणजे घड्याळजींना, छातीठोकपणे सांगून बसले की आपल्या लग्नात आईंना डबा उघडावा लागणार नाही, मी बिनगव्हाचा केक करीन. शब्द देऊन बसले, आणि मला धड अंडं उकडता येत नाही. लग्न एकोणतीसला आहे.

पत्र दूधगाडीबरोबरच देते आहे, परतीच्या फेरीत उत्तर दे. टब लवकर रिकामा झाला तर बरं, कपडे साचलेत.

तुझी,
खारूताई

ता. क. घड्याळजी मदतीला आलेत. डोळ्याला भिंग लावून, घड्याळं दुरुस्त करायच्या चिमट्याने एकेका बदामाची साल काढताहेत. दुपारपर्यंत वाटीभर झाले.


३ मार्च, संध्याकाळ

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पाय प्लास्टरमध्ये असताना माणसाने एवढं हसू नये. घरमालकीण वर बघायला आली की मी पुन्हा पडले की काय.

तो चिमटा आधी काढून घे. भिजलेला बदाम दोन बोटांत धरून दाबायचा, तो आपणच सालीतून सटकतो. समोर मात्र कोणाला बसवू नकोस, थेट डोळ्यात जातो. पुढे कधी घाई असली तर रात्रभर भिजवायचीही गरज नाही, उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून गार पाण्यात काढले तरी भागतं.

भिजलेले बदाम तसेच राहिले तर आंबतील. थोडे पाण्याबरोबर वाटून फडक्यातून गाळ, ते बदामाचं दूध. चोथा टाकू नकोस, पिठात मिसळायला उपयोगी पडतो. बाकीचे कापडावर पसर, पंखा लाव, मग अगदी मंद ओव्हनमध्ये वाळव. मोडल्यावर कट्‌कन आवाज आला म्हणजे वाळले. ओला बदाम दळलास तर पीठ होत नाही, लगदा होतो. एखादा जहर कडू लागला तर थुंकून टाक, मोठेपणा करून गिळू नकोस.

केकमध्ये मैदा नसला की सगळा भार अंड्यांवर येतो. पांढरं वेगळं फेट आणि बदामाच्या पिठात हलक्या हाताने मिसळ. आणि नीट ऐक, साच्याला सवयीने मैदा भुरभुरवू नकोस. नाहीतर केक बिनगव्हाचा आणि साचा गव्हाचा, असा प्रकार व्हायचा. साचा नवा आण, चाळणीही नवी.

मला लग्नाला येता येणार नाही याचं वाईट वाटतंच, पण केकचं आता तुझ्याइतकंच मलाही लागून राहिलंय.

नवऱ्या मुलाला आशीर्वाद, चिमट्याला नाही.

तुझी आत्या


१० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सालं निघाली. अख्खी इमारत जमली होती. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकांचा बदाम असा सुटला की थेट घड्याळजींच्या चष्म्यावर आपटला, आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना पाठीवर थोपटावं लागलं. त्या हसू शकतात हे इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं. दूध झालं, वाटलं, संपलं. बाकीचे बदाम पंख्याखाली माझ्या पलंगावर वाळले, आणि मी दोन रात्री जमिनीवर झोपले.

केक मात्र फसला. 'पिठासारखं बारीक' असं एका पुस्तकात लिहिलं होतं, म्हणून मी मिक्सर थांबवलाच नाही. आधी पीठ झालं, मग गोळा, मग तेल सुटून चक्क लोणी. त्याचाच केक केला. तो फुगला नाही, उलट खचला. तो खाली ठेवला तेव्हा टेबलाचाच आवाज आला. घड्याळजी म्हणाले की त्यांना फार आवडला, आणि उरलेला घरी घेऊन गेले. बहुतेक दाराला अडसर म्हणून लावला असेल.

आत्या, थट्टा खूप झाली, पण मला खरंच भीती वाटते आहे. माझ्याच लग्नात त्या कोपऱ्यात डबा उघडून बसल्या तर मला घास उतरणार नाही.

धीर दे, नाहीतर ओरड, पण लवकर लिही.

तुझी,
खारूताई


११ मार्च

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

पुस्तक मिटून कपाटात ठेव. माझं हे पत्रही एकदा वाचून बाजूला ठेव. बदाम कागद बघून दळायचा नसतो, हात घालून दळायचा असतो. दोन चमचे साखर घालून मिक्सर जरासा फिरव, थांब, झाकण काढ, बोटांनी चोळून बघ. कोरड्या रव्यासारखं लागलं की पुरे. त्याच्या पुढे गेलीस की लोणी. ते लोणी वाया गेलं म्हणून रडू नकोस, टोस्टला लाव आणि मुख्याध्यापिकांना दे.

पहिला केक माझाही फसला होता. तो मी वसतिगृहातल्या साठ मुलींना वाढला आणि त्या काही मेल्या नाहीत. पुन्हा कर. तुला जमेल, कारण तुला तो कोणासाठी करायचा आहे ते पक्कं माहीत आहे.

माया आहेच, ती मोजून भिजवत नाही.

तुझी आत्या


३० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लग्न झालं! सह्या झाल्या, आणि घड्याळं दुरुस्त करणारा माझा नवरा स्वतःच्या लग्नाला उशिरा आला, हे मी त्याला जन्मभर ऐकवणार आहे.

केक फुगला. मध्ये जरासा बसला, तिथे मी भाजलेले बदाम पेरून टाकले, आणि लोकांना वाटलं की ती नक्षी आहे.

सासूबाई आल्या त्या डबा काखेत घेऊनच. तो पत्र्याचा डबा दिसला आणि माझं अवसानच गळालं. मी केकचा पहिला तुकडा त्यांच्या हातात दिला आणि समोर उभीच राहिले. त्यांनी खाल्ला. दुसरा मागितला, तोही खाल्ला. मला हायसं वाटतंय तोवर त्यांनी डबा मांडीवर घेतला आणि झाकण उघडलं.

डबा रिकामा होता! घासूनपुसून लख्ख. म्हणाल्या की उरलेला केक यात भर. मग हळूच सांगितलं की तो फसलेला केक घड्याळजींनी घरी आणला होता, आणि स्वतः सासूबाईंनी तो कपाटात लपवून चार दिवस पुरवून पुरवून खाल्ला. किती वर्षांनी केक खाल्ला होता! फसलेला एवढा चांगला, तर जमलेला कसा असेल, असं म्हणून त्या घरून चकत्या न घेताच निघाल्या. आत्या, मी भर समारंभात त्यांच्या गळ्यात पडून रडले. फोटोत माझं नाक लाल आलंय.

उरलेला केक भरून तोच डबा या पत्राबरोबर पाठवते आहे. स्वतःसाठी मागितलेला केक सासूबाईंनीच मग तुझ्यासाठी भरला, मला हातही लावू दिला नाही. त्यांचा निरोप असा की डबा परत करायची घाई करू नका, पाय बरा झाला की स्वतःच घेऊन या, तोवर त्यांना तो लागणार नाही.

तुझी,
खारूताई