मागे जोडलेलं घर

१५ सप्टेंबर, सकाळ

निर्णय पक्का. ओम्नी विकायची.

मागच्या सीटा काढून मी स्वतः तिचा कॅम्पर केला होता. फळीचा पलंग, शेगडी, पाण्याचा कॅन. भंडारदरा झालं, नाशिक झालं, एकदा तर गोवाही. पण आता दोघंही रिटायर्ड. हेलनला त्यात ताठ बसता येत नाही. ती तसं म्हणत नाही, पण एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्याला न बोलता कळतं.

आता ट्रेलर. अठरा फुटी. गाडीच्या मागे जोडायचा. आत किचन, सोफा, संडास. अठ्ठावीस नोव्हेंबरला लग्नाचा चाळिसावा वाढदिवस, त्या दिवशी कन्याकुमारी.

हेलनला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. आनंदाने पुढे शब्द फुटेना.

१८ सप्टेंबर

दिलावरकडे गेलो. नेवासा रोडला त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप. उसाच्या ट्रॉल्या बनवतो, म्हणजे हे काम त्याला किरकोळ. ड्रॉइंग मीच काढलं. त्याने ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं आणि विचारलं, "सर, तुमच्या गल्लीत हे वळंल का?"

मी म्हटलं, श्रीरामपुरात तीस वर्षं भूमिती शिकवली आहे. तो गप्प झाला. भूमितीचा धाक अजून आहे.

२ ऑक्टोबर

ओम्नी गेली. राहुरीकडचं एक तरुण जोडपं घेऊन गेलं. मुलगी लगेच पलंगावर आडवी होऊन हसायला लागली. हेलन फाटकाशी बराच वेळ उभी. डोळे पुसत होती. ऑक्टोबरचं ऊन वाईटच.

आजच सेकंडहँड बोलेरो आणली. गाडी दणकट आहे. चालवताना मीही दणकट दिसतो असं वाटतं.

२१ ऑक्टोबर

ट्रेलर तयार! पांढराशुभ्र. दिलावरने सवयीने मागे 'सावकाश जा' रंगवलंय. पुसायला लावणार होतो, पण बरं दिसतंय.

गल्लीत आला नाही. गल्ली चुकीची बांधली आहे. चर्चच्या मैदानात लावला. घरापासून लांब आहे, त्यामुळे हेलनचं चालणंही होईल. (डॉक्टरांनी सांगितलंच आहे.)

२६ ऑक्टोबर, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी ट्रेलरसाठी प्रार्थना केली. प्रवास सुखाचा होवो आणि पीटर सरांच्या मागून येणाऱ्या सर्वांना धीर लाभो, असं म्हणाले. मंडळी 'आमेन' जरा जास्तच जोरात म्हणाली.

दुपारी रिव्हर्सची प्रॅक्टिस. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. उजवीकडे वळवलं की तो विचार करतो आणि मग गुलमोहराकडे जातो. पुन्हा केलं. पुन्हा गुलमोहर.

निश्चय: रिव्हर्स घ्यायचाच नाही. नीट नियोजन केलं तर माणसाला मागे यावंच लागत नाही.

१० नोव्हेंबर

कन्याकुमारी थोडी पुढे ढकलली. आधी ट्रायल. तिसगावला सविताकडे जाऊ, हेलनची धाकटी बहीण. लग्नाचा वाढदिवस तिथेच. हेलन फोनवर तिच्याशी तासभर बोलली. माझ्याशी हल्ली 'बरं'च्या पुढे जात नाही. प्रवासाची उत्सुकता.

२४ नोव्हेंबर, दुपार, नेवासा फाट्याच्या पुढे

निघालो! स्पीड बेताचा. कारखाने सुरू झालेत. दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढणारे ट्रॅक्टरसुद्धा मला ओव्हरटेक करून गेले. एकाने हात केला. आपल्यातलाच समजला असावा.

फाट्यावर थांबलो तर लोक जमले. एकाने विचारलं, रक्त कुठं द्यायचं? एक म्हातारी थेट आत चढली, सोफ्यावर बसली, पदर सावरला आणि दंड पुढे केला. "बीपी बघा, डाक्टर." मी समजावून सांगितलं की हा फिरता दवाखाना नाही, हे पर्यटन आहे. ती म्हणाली, "असू द्या, बघा तरी." हेलनने तिला चहा करून दिला. दोघी खूप बोलल्या. म्हातारीला जाताना बरं वाटत होतं. इतर लोक मात्र मलाच नावं ठेवून गेले.

संध्याकाळ, शेवगावजवळ

चहाला थांबायचं होतं. पण टपरीशी थांबायचं तर पुढून बाहेर निघायला जागा हवी. अशी टपरी एकही नाही. सगळ्या मागे गेल्या.

हेलन म्हणाली, "ओम्नीत आपण कुठंही थांबायचो. चिंचेखाली, बंधाऱ्यावर. तुम्ही पुढं, मी मागं पाय पसरून. गप्पा व्हायच्या." मी म्हटलं, पण तुला ताठ बसता यायचं नाही. ती म्हणाली, "मला कुठं ताठ बसायचं होतं?"

यावर सविस्तर विचार करायचा आहे. सध्या ट्रॅफिक.

२५ नोव्हेंबर, तिसगाव

काल अंधार पडायच्या आत अलीकडच्या पेट्रोल पंपावर मुक्काम केला. आज सकाळी गावात शिरलो. बाजाराचा दिवस होता. हेलन म्हणते सविताने सांगितलं होतं. मी म्हणतो ठळकपणे सांगायला हवं होतं.

चौकाच्या पुढच्या वळणावर बोलेरो वळली, ट्रेलर वळला नाही. एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला मेथीच्या जुड्या. मागे बकऱ्यांचा टेम्पो, त्याच्यामागे एसटी. सगळा बाजार एका सुरात ओरडत होता, "मागं घ्या! ओ सर, मागं घ्या!"

निश्चय आठवला. पुढेच घेतली. पुढे जाईना. मग रेस केली. मग वास आला. क्लच.

शेवटी हेलन खाली उतरली. मेथीवालीशी बोलली, एसटीच्या ड्रायव्हरशी बोलली, जुड्या स्वतः उचलून बाजूला ठेवल्या. माणसं जमवली. गाडी ट्रेलरपासून सोडवली, ट्रेलर हाताने ढकलला. मी सूचना देत होतो. एकजण म्हणाला, "सर, तुमी टपरीवर बसा, चहा घ्या." चहा चांगला होता.

मग सविताचा नवरा अमृत ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रेलर त्याच्या शेतापर्यंत नेला. बोरीच्या बाजूला लावू म्हणाला. मी म्हटलं, नको, विहिरीजवळ लावू, व्ह्यू आहे. तिथं गव्हाला कालच पाणी दिलं होतं.

चाकं दिसत नाहीत.

अमृतने चिखलात काठी खुपसून पाहिली. मग म्हणाला, "पीक तुडवून वढता यायचं न्हाई. आता गहू निघंस्तोवर ह्यो काय निघत न्हाई."

मी विचारलं, गहू कधी निघतो? तो म्हणाला, होळीच्या सुमाराला.

२६ नोव्हेंबर

पाथर्डीहून मेकॅनिक आला. बोलेरो टोचन करून घेऊन गेला. क्लचप्लेट पार जळालीय, पार्ट यायला वेळ लागेल. एकंदरीत ट्रायल यशस्वी. ट्रायलचा उद्देशच उणिवा कळणं हा असतो.

२८ नोव्हेंबर

लग्नाचा वाढदिवस. सविताने मटण केलं, बाजरीच्या भाकरी. अमृतने केक आणला. शेजारच्या बायका ट्रेलर बघायला आल्या त्या दिवसभर बसल्या. आतून सारखं हसणं ऐकू येत होतं. हेलनचं इतकं हसणं कधी ऐकलं होतं आठवेना. मी दारातून डोकावलो, तर सविता म्हणाली, "दाजी, चपला बाहेर. आणि आत जागा न्हाई."

झोपायलाही दोघी बहिणी आत. मी अमृतसोबत ओसरीवर. तो घोरतो.

आज सकाळी, सगळे उठायच्या आधी, विहिरीच्या कठड्यावर हेलनला विचारलं, खरं सांग, ट्रेलर आवडला का? तिने गव्हाकडे पाहिलं. म्हणाली, "आवडला. एका जागी आहे तोवर छान आहे."

मग म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी केलंत ते कळतं मला. एकदा विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

मी उत्तर तयार करत होतो, तेवढ्यात सविताने हाक मारली.

१ डिसेंबर

पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं काम राहिलंय. श्रीरामपूरला जायला हवं. हेलन म्हणाली, तुम्ही या जाऊन, मी राहते होळीपर्यंत. आत पडदे लावायचेत. दारापुढे तुळस आणि झेंडू. मी म्हटलं, मग मी एकटा काय करू? ती म्हणाली, "शनिवारी येत जा की. मी आहेच इथं."

या बोलण्यात मला आमंत्रण दिसतं.

२ डिसेंबर, एसटीत

अमृतने स्टँडवर सोडलं. हेलनने भाकरी, ठेचा आणि स्वेटर दिलाय. फाटकाशी उभी राहून हात हलवला. ऊन नव्हतं. माझ्याच डोळ्यांत काहीतरी गेलं.

गाडीला गर्दी. उभाच होतो. कंडक्टरने खालून वर पाहिलं आणि एका पोराला उठवून मला बसवलं. मग म्हणाला, "आजोबा, पंचाहत्तरच्या पुढं ना? तिकीट लागत न्हाई तुमाला."

ताठ बसून सांगितलं, सहासष्ट. आधार कार्ड काढून दाखवलं.

त्याने कार्ड पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा कार्ड पाहिलं. मग हाफ तिकीट फाडलं आणि हळूच विचारलं, "प्रवास लई झाला का?"